खरं असलं म्हणून छापायचं?

बदनामीच्या खटल्यात ‘छापलं ते खरं आहे’ हा पत्रकाराचा सगळ्यात भक्कम बचाव. खासगीपणाचा प्रश्न आला की हाच बचाव लुळा पडतो. कुणाच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली, तर ती जितकी खरी तितकी जिव्हारी लागते. मग लिहायचं काय आणि झाकायचं काय? आश्चर्य असं, की भारतात याचं नेमकं उत्तर मिळालं ते एका खुन्याच्या आत्मचरित्रामुळे.

मद्रासच्या ऑटो शंकरला सहा खुनांबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. १९९१ मध्ये त्याने तुरुंगात तीनशे पानांचं आत्मचरित्र लिहिलं, त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेले लागेबांधे उघड केले, असं ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाचं म्हणणं. मालिका जाहीर झाली आणि जून १९९४ मध्ये तुरुंग महानिरीक्षकांचं पत्र आलं: हे सगळं खोटं आहे, छापू नका. संपादक आर. राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे एक विलक्षण पेच पडला. शंकर पक्षकारच नव्हता. म्हणजे आत्मचरित्र त्याने लिहिलं नाही आणि छापायला परवानगीही दिली नाही, असंच न्यायालयाला धरून चालावं लागलं. मग परवानगीशिवाय कुणाचं आयुष्य छापता येतं का?

न्या. जीवन रेड्डी आणि न्या. सेन यांनी ७ ऑक्टोबर १९९४ रोजी निकाल दिला. माणसाचं घर, लग्न, कुटुंब, मुलंबाळं, शिक्षण यांविषयी त्याच्या संमतीशिवाय लिहू नये. मजकूर खरा असो वा खोटा, स्तुतीचा असो वा टीकेचा. मात्र न्यायालयाच्या कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींतलं जे आहे ते छापायला कुणाची परवानगी नको. त्यालाही अपवाद आहे: लैंगिक अत्याचार किंवा अपहरण झालेल्या स्त्रीचं नाव नोंदीत असलं, तरी छापायचं नाही.

खरी कमाल पुढे आहे. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामाबाबत हे कवच नाही. मजकूर चुकीचा निघाला, तरी पत्रकाराने वाजवी पडताळणी केली असेल तर तेवढं पुरे. आणि बदनामी होईल या भीतीने सरकारला आधीच छपाई रोखता येत नाही. तक्रार असेल त्याने छापून आल्यावर दाद मागावी. फाशीच्या कैद्याला खासगी आयुष्य मिळालं आणि त्याच निकालाने अधिकाऱ्यांच्या हातातली कात्री काढून घेतली!

हे सांगणारे न्यायमूर्ती दोनच होते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असं आठ न्यायमूर्तींचं १९५४ चं मत तेव्हा कायम होतं. ते पुसायला २०१७ चं नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ लागलं.

आता जुना प्रश्न नव्या रूपात आला आहे. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या डेटा संरक्षण मसुद्यात पत्रकारितेसाठी संमतीच्या अटीतून खास सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीची कसोटी पुन्हा लावून पाहावी: माहिती माणसाच्या घरातली आहे की त्याच्या पदाची? घरातली असेल तर संमती हवी. पदाची असेल, तर संमती मागण्याचा हक्क त्या पदाला कशासाठी असावा?