थोरला भाऊ आणि विद्याधन

इ. स. १८७९ मध्यें कृष्णराव गोखले वारले, तेव्हां त्यांचा थोरला मुलगा गोविंद अवघा १८ वर्षांचा होता. त्यानें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतील ८ रुपये तो धाकट्या भावास कोल्हापुरीं पाठवूं लागला. धाकटा गोपाळ १८८४ सालीं पदवीधर झाला. नामदार गोखल्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे; ते ८ रुपये पाठविणाऱ्याचें किती जणांस ठाऊक असेल?

युरोपांत प्रकार उलटा दिसतो. नॉर्वेंतील नोंदी तपासून ब्लॅक, डेव्हरू व साल्व्हानेस यांनीं २००५ मध्यें दाखविलें कीं, एकाच घरांत पहिल्या अपत्याचें शिक्षण सर्वांत अधिक होतें व पुढच्यांचें क्रमानें उतरत जातें. मिळकतीवरही, विशेषतः मुलींच्या, त्याची छाया पडते. ब्राझिलमध्यें मात्र थोरलीं मुलें कामास लागण्याचा व धाकटीं शाळेंत टिकण्याचा संभव अधिक, असें एमर्सन व सूझा यांस २००८ मध्यें आढळलें.

हा भेद कां पडावा, तें मुदखेडसारख्या गांवीं सहज उमगतें. आदिलाबादचा फांटा फुटतो तें हें जंक्शन; भोंवतालीं फुलशेती पुष्कळ. फुलें पहांटे खुडून, ऊन चढण्यापूर्वीं बाजारास न्यावीं लागतात. मनुष्यबळ अपुरें पडलें कीं ज्याचे हात आधीं मोठे झाले त्यालाच हांक येते. थोरली मुलगी असेल तर धाकट्यांचा पाळणाही तिच्याकडेच! धाकटा शाळेच्या वयाचा होईपर्यंत घरांत आणखी एक मिळवता झालेला असतो.

काळाचाही हिशेब धरावा लागतो. नांदेडचें पीपल्स कॉलेज १९५० सालीं निघालें. त्याआधीं वयांत आलेल्या थोरल्यास पदवीसाठीं हैदराबादेची वाट धरावी लागे. मागून जन्मलेल्यास तीच सोय शेजारीं मिळाली. अशा भावांतील सारें अंतर जन्मक्रमाच्या खात्यावर मांडणें बरोबर नव्हे.

थोरला आधीं मिळवूं लागतो, म्हणून कांहीं वर्षें तोच पुढें दिसतो. पुढें धाकट्याचा पगार त्याच्या मिळकतीस मागें टाकतो. वांटणींत जमीन सारखी वाटली जाते. पगाराचें काय? कुटुंबाच्या खर्चानें मिळविलेल्या विशेष विद्येची कमाई जुन्या हिंदु कायद्यांत एकत्र कुटुंबाची धरली जात असे. मुकुंदराव जयकरांच्या खटपटीनें १९३० सालीं झालेल्या कायद्यानें ती शिकणाऱ्याची स्वतंत्र मालमत्ता ठरली. शिकणाऱ्यास तो न्यायच वाटला असेल. फी भरणाऱ्या थोरल्याचा मात्र त्या पगारावर कायदेशीर हक्क उरला नाहीं. त्याच्या मुलांची फी काकानें भरावी कीं नाहीं, हें काकाच्या मर्जीवर राहिलें.