एका मिनिटाची भीती

शेतात साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारी बाई दवाखान्यातल्या पडद्यामागे जायचं म्हटलं की इतकी का घाबरते?

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींना गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायला सांगितली होती. तीन वेळा तारीख चुकली. एकदा कापूस वेचणी, एकदा पाहुणे. तिसऱ्यांदा मात्र खरं बोलल्या, "ताई, मले चिरतील तं नाही ना? अन् माणूस डॉक्टर असला तं?"

मी त्यांना आमच्याच ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. चिरणं नाही, टाके नाहीत, भूलही नाही. टेबलावर पाय दुमडून झोपायचं. बदकाच्या चोचीसारखं एक यंत्र आत घालतात, तेव्हा ताण जाणवतो. मग पातळ ॲसेटिक ॲसिड कापसाने लावतात. चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर त्याच जातीचं! थोडं चुरचुरतं. एक मिनिट थांबून बघतात, पांढरा डाग उमटतो का. झालं. पाळीच्या दिवसांत जायचं नाही, आधी लघवीला जाऊन यायचं, अंग सैल सोडून तोंडाने सावकाश श्वास सोडायचा. अंग आवळलं की जास्त दुखतं. बाई डॉक्टर किंवा सिस्टर मागायला लाजू नका. "जरा थांबा" म्हणायचाही आपल्याला हक्क आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दर दोन वर्षांनी हीच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आणि तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका! सरकारी कार्यक्रमातही तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सांगितली आहे.

(एका ठिकाणी मात्र सिस्टरनं भर रांगेत नाव घेऊन "खालची तपासणी कोणाची?" असं ओरडलेलं मी ऐकलंय. मग बायका का येतील?)

वहिनींसोबत मी आत गेले, हात धरला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं काय जी?"

पण डाग दिसला होता. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. सुरुवातीचा बदल असेल तर तो तिथंच नष्ट करता येतो. पुढच्या तपासणीला यवतमाळला जायचंय. ऐन वेचणीतली तारीख मिळाली. या वेळी कॅलेंडरवर गोल वहिनींनीच केला.