डेम्पस्टरवर पाऊस लागला की…

कॅनडातला डेम्पस्टर हायवे नावापुरताच हायवे. युकॉनमधल्या डॉसन सिटीजवळून आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला जाणारा हा सुमारे ७४० किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सगळा खडीचा आहे. डांबर का नाही? तर खालची जमीन कायम गोठलेली. काळं डांबर ऊन पिऊन तापलं की खालचा बर्फ वितळणार आणि रस्ता खचणार. म्हणून खडीचा जाडजूड थर टाकलाय. जमिनीवर घातलेली गोधडीच म्हणा ना! ऊब आत जाऊ नये म्हणून.

धूळ बसावी म्हणून यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरड्यात उत्तम. पावसात मात्र त्याचाच बुळबुळीत चिखल होतो आणि ब्रेक दाबला की गाडी तिरकी. वेग कमी ठेवणं हाच उपाय. टोकदार दगड टायर फाडतात ते वेगळंच.

डॉसनजवळचा फाटा सोडल्यावर ईगल प्लेन्सपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, पेट्रोल पंप नाही. पुढे पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूलही नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात चक्क गोठलेल्या नदीवरून वाट! पाणी चढलं की बोट थांबते.

तरी माझं मत विचाराल तर वाटेतल्या टूम्बस्टोन डोंगररांगेचे काळे सुळके ढगांतच पाहावेत. ऑगस्टअखेर टुंड्रा लाल होतो, आणि ओला असताना तो रंग जास्त खुलतो.

जाणार असाल तर दोन स्टेपन्या घ्या, आणि ‘५११ युकॉन’ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्ता चालू असल्याचं पाहूनच निघा.