हार्ड डिस्कमधील धूळ आणि तिचा बंदोबस्त

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवर अधांतरी तरंगत राहून तिच्यावरील चुंबकीय नोंदी वाचणारा आणि लिहिणारा जो चिमुकला तुकडा असतो, त्यास स्लायडर म्हणतात. लांबी सुमारे ०.८५ मिलिमीटर, रुंदी ०.७ आणि जाडी ०.२३ मिलिमीटर, असे त्याचे अलीकडचे माप असून तो अॅल्युमिना व टायटॅनियम कार्बाइड यांच्या अतिशय कठीण मिश्रणातून कापून काढलेला असतो. प्रत्यक्ष वाचन-लेखन करणारे हेड त्याच्या मागच्या कडेला, म्हणजे फिरत्या तबकडीवरची हवा ज्या बाजूने बाहेर पडते तेथे, घडविलेले असते. साडेतीन इंची यंत्रातील तबकडी मिनिटाला ७२०० वेढे घेते तेव्हा तिची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते. त्या वेगाने ओढून आणलेली हवा स्लायडरच्या तळाशी कोंडली जाऊन त्यास उचलून धरते, आणि मागची स्प्रिंग त्यास खाली दाबीत राहते. या दोन बलांच्या समतोलावर हेड आणि तबकडी यांमध्ये जी फट उरते, ती आजच्या यंत्रांत प्रत्यक्ष वाचनाच्या क्षणी एक-दोन नॅनोमीटरपर्यंत खाली आणलेली असते. हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरी ६५ नॅनोमीटर अंतर कापतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही फट किती अरुंद आहे याची काहीशी कल्पना येईल.

या फटीत धुळीचा कण शिरला तर काय होईल, हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्या कर्त्यांसमोर उभा राहिला. परंतु फट जसजशी लहान होत गेली तसतसे धूळ म्हणजे काय याचे उत्तरही बदलत गेले. शिवाय शुद्धीसाठी योजलेल्या प्रत्येक साधनाने आपली स्वतःची नवी अशुद्धी बरोबर आणली. माझ्या मते या सर्व इतिहासाचे मर्म तेथेच आहे.

१९५६ साली आयबीएम कंपनीने कॅलिफोर्नियातील सान होजे येथे रॅमॅक नावाचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि हेड व तबकडी यांतील अंतर सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे आजच्या हजारो पट, होते. ते अंतर राखण्यासाठी बाहेरून दाबाखाली हवा सोडावी लागे, आणि खोलीतील साधारण धूळ त्या अवाढव्य यंत्रास फारशी बाधत नसे. पुढे १९६१ च्या सुमारास आलेल्या १३०१ या यंत्रात स्लायडर तबकडीनेच ओढलेल्या हवेवर तरंगू लागले व अंतर कमी झाले. त्यापाठोपाठ यंत्रातून काढून कपाटात ठेवता येतील अशा तबकड्यांच्या चळती निघाल्या. सोयीच्या दृष्टीने ही मोठीच मजल होती. परंतु ज्या चळती हाताने उचलायच्या, मोकळ्या हवेत न्यायच्या आणि पुन्हा यंत्रात बसवायच्या, त्यांवर सिगारेटच्या धुराचे आणि कागदाच्या तंतूंचे कण बसल्यावाचून कसे राहतील? असा एखादा कण हेडखाली सापडला की त्याच्या धक्क्याने हेड तबकडीवर आपटे, तेथील चुंबकीय लेप खरवडला जाई, खरवडलेल्या भुकटीने आणखी लेप निघे, आणि साऱ्या दप्तराची राखरांगोळी होई.

या आपत्तीवरील उपाय १९७३ साली निघाला. आयबीएमच्या ३३४० या यंत्रात, ज्यास पुढे विंचेस्टर या बंदुकीच्या नावाने लोक ओळखू लागले, तबकड्या, हेड आणि त्यांना हलविणारी भुजा ही सर्व एकाच बंद डब्यात कायमची कोंडण्यात आली. बाहेरच्या धुळीस मज्जाव झाला. फट अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास आली, हेडवरील दाब हलका झाला, आणि यंत्र बंद होताच ते हेड तबकडीवरच उतरू लागले. त्यासाठी तबकडीवर वंगणाचा पातळ थर देणे भाग पडले. आजच्या हार्ड डिस्कची सगळी वंशावळ या एका डब्यापर्यंत पोहोचते.

पण बाहेरच्या शत्रूस दार बंद केल्यावर घरातला शत्रू प्रकट झाला. डबा बंद करतेवेळी जे आत राहिले, ते आतच राहणार. म्हणून ज्या खोलीत हा डबा बंद व्हायचा त्या खोलीची शुद्धता हा कारखान्याचा पहिला कायदा ठरला. सुदैवाने त्याची सामग्री तयार होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क येथील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड या पदार्थवैज्ञानिकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी अशी खोली योजिली होती, की जिच्या छतातून गाळलेली हवा अखंड, संथ प्रवाहाने खाली यावी आणि जमिनीच्या जाळीतून निघून जाताना कण आपल्याबरोबर घेऊन जावी. १९६३ साली तिकडच्या सरकारने अशा खोल्यांच्या प्रती ठरवून दिल्या. त्यांपैकी 'क्लास १००' म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे वा त्याहून मोठे कण शंभराहून अधिक नसणे. तेथे काम करणारा मनुष्य नखशिखांत झाकलेला असतो, तो स्वतःच्या रक्षणार्थ नव्हे, तर यंत्राच्या. कारण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगावरूनही त्वचेचे व वस्त्राचे कण अविरत झडत असतात.

तथापि खोलीतील हवा गाळली म्हणून स्लायडर स्वच्छ होतो असे नाही, कारण त्याची घडणच मुळी भुकटीतून होते. वेफर नावाच्या गोल चकतीवर हजारो हेड घडविल्यानंतर तिच्या पट्ट्या कापतात, त्या पट्ट्या हिऱ्याच्या सूक्ष्म चूर्णाने घासून गुळगुळीत करतात, आणि मग आयनांच्या माऱ्याने तळावर ज्यांच्यामुळे हवेचा दाब नियंत्रित होतो असे उंचवटे व खोलगट भाग कोरतात. कापलेल्या कडेवर सैल राहिलेला एखादा कठीण कण पुढे केव्हाही निखळू शकतो. म्हणून कडा थोड्या गोलसर करण्याची वा त्यांवर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा मुलामा देण्याची तजवीज करतात. मग धुलाई होते. अतिशुद्ध पाण्यात अतिध्वनीचे तरंग सोडले असता उठणारे बुडबुडे फुटून कण उखडतात, पण तरंग प्रखर झाले तर तेच बुडबुडे मऊ धातूचा पृष्ठभाग कुरतडून नवे कण निर्माण करतात. घाण सुटावी म्हणून पाण्यात घातलेल्या साबणासारख्या द्रव्याचा अंश मागे राहिला तर तोही एक मलच. धुलाई कितपत झाली याची खातरजमा करण्यासाठी सुटा भाग शुद्ध पाण्यात हलवून त्या पाण्यात उतरलेले कण मोजण्याचा शिरस्ता आहे.

येथवरचा विचार कणांचा झाला. खरी सूक्ष्म मसलत पुढे सुरू होते, कारण फट नॅनोमीटरांवर आली तशी ज्यांना आकारच नाही अशी बाष्पेही उपद्रवी ठरू लागली. रबराच्या गास्केटमधून, डिंकातून, वायरींच्या आवरणातून आणि हातमोज्यांतूनही काही सेंद्रिय द्रव्ये उबेने हळूहळू उडतात व स्लायडरच्या तळावर थिजतात. त्यांत सिलिकोनपासून निघणारी सिलोक्सेन ही विशेष कुप्रसिद्ध. घर्षणाच्या उष्णतेने त्यांचा सिलिकासारखा कठीण अवशेष हेडपाशी साठतो. क्लोराइडाचे अंश दमट हवेत हेडमधील कोबाल्ट व लोह यांच्या थरांना गंज चढवितात. तबकडीवरील वंगण, ज्याची जाडी एका नॅनोमीटरच्या आसपास असते, तेसुद्धा तेथून उठून स्लायडरवर जाऊन बसते. रक्षणार्थ नेमलेला शिपाईच अशा रीतीने संशयितांच्या यादीत गेला, आणि तबकडीस घट्ट चिकटून राहणाऱ्या वंगणाचे नवे प्रकार शोधावे लागले.

यंत्र चालू झाल्यावर उरलेसुरले कण कोठे जातात, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. ओढ्यातील खडकाच्या आडोशाला, जेथे पाण्याचा वेग मंदावतो, तेथे जसा गाळ बसतो, तसेच स्लायडरच्या तळावरील खोलगट भागांत आणि पुढच्या कडेवर कण व तेलकट बाष्पे साचतात. तेथे ती साचून राहिली तर एकवेळ चालेल. परंतु धक्क्याने तो साठा सुटून तबकडीवर पडला, तर जे इतके दिवस हळूहळू जमले ते एका क्षणात हेडखाली येते. यास्तव हवेचे प्रवाह कण बाजूस सारतील अशा बेताने तळाचे कोरीवकाम आखतात, आणि काही योजनांत तळावर अशा लेपाचा प्रयोग होतो की ज्यास तेल वा पाणी सहसा चिकटत नाही. कठीण कण चुंबकीय रोधावर चालणाऱ्या हेडवर घासला तर तापमान क्षणभर वाढून वाचलेला संकेत भलतीकडे सरकतो, असाही एक दोष गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ध्यानात आला; तबकडीवरील लेप शाबूत राहूनही वाचनात चूक व्हावी, असा तो प्रकार.

उपायच नवी अशुद्धी कशी आणतो याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. हेड तबकडीवर उतरविल्याने ते तिला चिकटून बसते, म्हणून यंत्र थांबताना त्यास तबकडीबाहेरच्या प्लास्टिकच्या उतरणीवर चढविण्याची युक्ती १९९० च्या दशकात रूढ झाली. चिकटणे थांबले, परंतु वारंवार घासल्याने त्या उतरणीचीच भुकटी निघू लागली!

डब्यात म्हणून एक गाळणी तैनात असते, जिच्यातून तबकडीने घुसळलेली हवा सतत फिरते. आणि शोषक कार्बन बाष्पांवर नजर ठेवतो. आतील व बाहेरील दाब समान राहावा म्हणून डब्यास एक छिद्रही असते, तेही गाळणीने राखलेले. २०१३ साली एचजीएसटी कंपनीने हेलियम भरलेले हवाबंद यंत्र बाजारात आणले तेव्हा ते छिद्र नाहीसे झाले; हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक-सप्तमांश असल्याने तबकड्यांवरील ओढ कमी होते, त्या अधिक पातळ करून डब्यात जास्त बसवता येतात.

ही सारी साखळी किती नाजूक आहे याचा प्रत्यय २०११ च्या ऑक्टोबरात जगास आला. थायलंडच्या अयुथया प्रांतात बांग पा-इन येथे वेस्टर्न डिजिटल कंपनीचा कारखाना पुराच्या पाण्याखाली गेला, आणि स्लायडर घडविणारी यंत्रेही त्यात बुडाली. जेथे कणांचीच मोजदाद होत होती तेथे गढूळ पाणी शिरले. हार्ड डिस्कची जुळणी नोव्हेंबरअखेर पुन्हा सुरू झाली खरी, पण स्लायडरचे उत्पादन मार्गी लागण्यास त्याहून अधिक अवधी गेला, आणि दरम्यान हार्ड डिस्कचे भाव जगभर चढले.

वाचकांस एवढीच विनंती, की हार्ड डिस्क बिघडली तर साध्या टेबलावर तिचे झाकण काढून देणाऱ्या दुकानदाराकडे ती सोपवू नये. आत गाळलेल्या हवेची पेटी आहे काय, हे आधी विचारावे, आणि नसल्यास परत यावे. त्याहून उत्तम म्हणजे महत्त्वाचे दस्तऐवज व छायाचित्रे यांची दुसरी प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढून, ती शक्य तर वेगळ्या घरी ठेवावी.