पहिल्या दिवसाचं पाणी, पहिल्या महिन्याचं तेल

गावात बोअर मारला की पहिल्या दिवशी काय होतं, हे नंदुरबार जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. 'दोन इंच लागलं', 'तीन इंच लागलं' ही बातमी संध्याकाळपर्यंत शिवारभर होते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि त्या इंचांच्या भरवशावर मिरची किंवा पपई लावायचा बेत ठरतो. जुनीजाणती माणसं मात्र एवढंच म्हणतात, 'उन्हाळ्यात बघू.'

मित्रांनो, 'शेल तेलाच्या नव्या विहिरींचे उत्पादन आश्वासक' अशी बातमी मोबाइलवर दिसली की तुम्हीही हेच म्हणा. कारण तिथला आकडासुद्धा बहुतेक वेळा पहिल्या दिवसाचा किंवा पहिल्या महिन्याचा असतो.

आपल्या शेजारचं तेल

हा विषय लांबचा वाटतो, पण तसा नाही. तळोदा-अक्कलकुव्याहून पुढे जाणारा रस्ता ज्या अंकलेश्वरला पोहोचतो, तिथे 1960 मध्ये तेल सापडलं. पंडित नेहरूंनी तिथल्या पहिल्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिलं. मग तेल तिकडे आणि आपल्याकडे नाही, असं का?

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हाच पाषाण पश्चिमेला खंबातच्या खोऱ्यात खोल दबलाय. त्याच्यावर पुढे समुद्राचा गाळ साचला, त्यात सूक्ष्म जीव गाडले गेले, वरच्या थरांच्या दाबाने आणि उष्णतेने त्यांचं तेल झालं. तो गाळ म्हणजे आजचा 'कॅम्बे शेल' हा पापुद्र्यांचा खडक. अंकलेश्वरचं तेल शिजलं ते या शेलमध्ये, पण साठलं शेजारच्या वाळूच्या खडकात. त्या खडकातली छिद्रं मोकळी असल्यामुळे तेल सहज वाहतं. म्हणून तर साठ वर्षं उलटल्यावरही ते क्षेत्र तेल देतंय.

जे तेल शेलमध्येच अडकून राहिलं, ते 'शेल तेल'. ते काढायला दोन-तीन किलोमीटर खोल जायचं, तिथून विहीर आडवी वळवायची आणि पाणी, वाळू, थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडायच्या. वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत.

आकडा का घसरतो?

भेगांच्या अगदी जवळचं तेल आधी धावत येतं. तोच तो 'आश्वासक' आकडा. मागचं तेल घट्ट खडकातून मुंगीच्या पावलानं सरकतं. अमेरिकेत अशा विहिरींचं उत्पादन पहिल्या वर्षातच साधारण साठ-सत्तर टक्क्यांनी खाली येतं. समजा, विहिरीनं सुरुवातीला दिवसाला 1000 बॅरल दिलं, तर वर्षभरानं ते तीन-चारशेवर येतं. आपल्या बोअरचंही काहीसं असंच. पाषाणाच्या भेगेत साठलेलं पाणी जोरात येतं आणि ते उपसलं की मागून येणारी धार बारीक. फरक एवढाच, की बोअरला पुढचा पावसाळा असतो. शेलला पावसाळा नाही.

म्हणजे शेल तेल फसवं आहे का? अजिबात नाही. अमेरिकेचं कच्च्या तेलाचं उत्पादन 2008 मध्ये दिवसाला सुमारे 50 लाख बॅरल होतं. 2023 मध्ये ते सव्वा कोटींच्या पुढे गेलं, ते मुख्यतः शेलमुळेच. पण हा आकडा टिकवायला तिथे सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. थांबलं की घसरण सुरू.

आपल्या देशानं 2013 मध्ये शेलचं धोरण आणलं. त्याच वर्षी ओएनजीसीनं भरूच जिल्ह्यातल्या जंबुसरजवळ शेलसाठी विहीर घेतली. पुढे आणखीही विहिरी झाल्या, पण व्यावसायिक उत्पादनापर्यंत मजल गेली नाही. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे प्रयत्न व्हायलाच हवेत. पण पाण्याचाही हिशेब मांडा. अशा एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड-दोन हजार टँकर. सातपुड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात एका हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो, हे पाहिलेल्याला या आकड्याचं वजन वेगळं सांगायला नको.

तीन प्रश्न लक्षात ठेवा

यापुढे अशी बातमी वाचली, कुणी 'आता या शेअरमध्ये पैसे टाक' म्हणून ती फॉरवर्ड केली किंवा उद्या तुम्हीच भूगर्भशास्त्र शिकून या क्षेत्रात उतरलात, तर तीन प्रश्न विचारा. हा आकडा किती दिवसांचा आहे? वर्षानंतर त्यातलं किती उरलं? आणि त्यासाठी पाणी किती लागलं, ते आलं कुठून?

उत्तरं मिळाली तर बातमी खरंच आश्वासक. नाही मिळाली तर पेढे घ्या, खा, पण मिरची लावायची घाई करू नका.