चारशे किलोमीटर कुणासाठी?

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी १९५० साली उभे केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. वकील, पक्षकार, विद्यार्थी यांची इकडून तिकडे ये-जा चालूच असते. मग या दोन शहरांतले अंतर किती? प्रश्न साधा आहे, पण उत्तर खिशाप्रमाणे बदलते.

सोनेगाव ते चिकलठाणा हे आकाशमार्गे सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे, सत्तरेक आसनांचे एटीआर विमान ते तासाभरात कापते. थेट विमान नसेल तर मुंबईमार्गे जा. नागपूर-मुंबई सुमारे ६८० आणि मुंबई-औरंगाबाद सुमारे २८०, म्हणजे चारशेचे ९६० झाले! आणि रेल्वेने? मनमाडमार्गे जा की अकोला-परभणीमार्गे, साडेसहाशे किलोमीटरहून अधिकच. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याचा रस्ता लांब.

विमानाचा तासही खरा तास नव्हे. घरून विमानतळ गाठा, किमान तासभर आधी हजर राहा, तपासणीची रांग लावा, उतरल्यावर सामानाची वाट पाहा, मग रिक्षा शोधा. तासाचे साडेतीन-चार तास होतात. तरीही रात्रभराच्या प्रवासापुढे ते थोडेच. म्हणून आमचा विमानाला विरोध नाही. ते आमच्या माणसाला का परवडत नाही, एवढेच आम्ही विचारतो.

हवाई चप्पल घालणारा विमानात बसेल, असे सांगत केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. पहिली उड्डाणे एप्रिल २०१७ मध्ये झाली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत ठरवले आणि कंपन्यांची तूट भरून देण्याची हमी दिली. पुढे काय झाले? ‘कॅग’च्या २०२३ च्या अहवालानुसार तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ उरले. अनुदान संपले की विमानही संपते, असा याचा अर्थ.

संविधानाचा अनुच्छेद ३८ राज्यसंस्थेला सोयी आणि संधींतील विषमता कमी करायला सांगतो. प्रवासाची सोय त्यात येत नाही काय? विमान कंपनीची तूट भरायला तिजोरीत पैसा असेल, तर रात्रीच्या रेल्वेला साध्या डब्यांची भर घालायलाही तो असला पाहिजे. मत मागायला दारी येणाऱ्यांना आपण हेच विचारू या. विमानतळाला बाबासाहेबांचे नाव दिले, हे चांगलेच झाले. पण त्या नावाचा मान पाटीने राखला जात नाही, आत शिरणाऱ्या माणसांनी राखला जातो.