सर्वांत उंच कोणते?

उंच, अधिक उंच आणि सर्वांत उंच या तीन पायऱ्यांना व्याकरणात तरतमभाव म्हणतात. मराठीत विशेषण स्वतः बदलत नाही. त्याच्या आधी ‘अधिक’ किंवा ‘सर्वांत’ हा शब्द येऊन बसतो. इंग्रजीत मात्र लहान विशेषणाला प्रत्ययच चिकटतो. ‘हाय’ म्हणजे उंच, ‘हायर’ म्हणजे अधिक उंच आणि ‘हायेस्ट’ म्हणजे सर्वांत उंच. ‘ब्यूटिफुल’सारख्या लांबलचक विशेषणाला हा ‘एस्ट’ पेलत नाही. त्याच्या आधी ‘मोस्ट’ ठेवतात. ‘गुड’ तर कोणताच नियम जुमानीत नाही. त्याची ‘बेटर’ व ‘बेस्ट’ ही रूपे पाठच करावी लागतात.

‘एस्ट’ हा प्रत्यय परका वाटला, तरी त्याचा एक भाऊबंद मराठी मुलांच्या ओळखीचा आहे. संस्कृतात याच अर्थी ‘इष्ठ’ प्रत्यय लागतो. ज्येष्ठ म्हणजे सर्वांत वडील, कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा. गोड या अर्थाच्या ‘स्वादु’ शब्दापासून संस्कृतात ‘स्वादिष्ठ’ होते आणि इंग्रजीत ‘स्वीट’पासून ‘स्वीटेस्ट’ होते. हे दोन्ही शब्द मुळात एकच. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास सांगितले होते. इंग्रजीही त्याच कुळातली आहे.

मराठीत मात्र या शब्दांची धार बोथट झाली. स्वादिष्ट लाडू म्हणजे नुसता चवदार लाडू. जगातील सर्व लाडवांत तो गोड, असा दावा कोणी करीत नाही. ‘श्रेष्ठ’ म्हणजे मुळातच सर्वांत चांगला. पण तेवढ्याने समाधान होत नाही, म्हणून लोक ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतात!

इंग्रजीत ही धार बहुधा ‘द’ या इवल्याशा शब्दाने राखली जाते. ‘अ मोस्ट यूसफुल बुक’ म्हणजे फार उपयोगी पुस्तक. ‘द मोस्ट यूसफुल बुक’ म्हणजे सर्वांत उपयोगी पुस्तक. पहिल्यात केवळ स्तुती आहे, दुसऱ्यात दावा आहे. दावा केला की प्रश्न येतो : सर्वांत म्हणजे कोणांत? म्हणून त्यापुढे ‘इन द क्लास’ म्हणजे वर्गात, किंवा ‘ऑफ द थ्री’ म्हणजे तिघांपैकी, अशी मर्यादा घालतात. एखादा दुकानदार पाटीवर ‘बेस्ट’ एवढेच लिहितो आणि कोणांत ते सांगत नाही. त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणासही ठरविता येत नाही.

मर्यादा सांगितली तरी दुसरा प्रश्न उरतोच : मोजायचे कोठून? जगातील सर्वांत उंच पर्वत एव्हरेस्ट, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२० साली नेपाळ व चीन यांनी त्याची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. म्हणून एव्हरेस्ट ‘द हायेस्ट’. हवाई बेटावरील मौना केआ हा पर्वत समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरच वर येतो. परंतु त्याचा पायथा सागराच्या तळाशी आहे, आणि तेथून शिखरापर्यंत तो १०,००० मीटरांहून अधिक भरतो. म्हणून त्याला ‘द टॉलेस्ट’ म्हणतात. मराठीत दोहोंसाठी ‘उंच’ हा एकच शब्द असल्याने, कोठून उंच ते स्पष्ट सांगावे लागते.

तिसरा मानकरी दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात आहे. चिंबोराझो हा पर्वत एव्हरेस्टहून अडीच हजार मीटरांनी ठेंगणा. परंतु पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि चिंबोराझो त्या वृत्ताच्या अगदी जवळ उभा आहे. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले, तर त्याचे शिखर एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर भरते. त्याच्या वाट्यास ‘द फार्देस्ट’, म्हणजे सर्वांत दूरचे, हे विशेषण आले आहे.